दर्सोनोच्या परसातलं लाल फडकं

"निघालं! निघालं! अगं बाई, केवढं निघालं!"

दर्सोनोच्या परसदारातून आरोळी उठली आणि गल्लीत खोळंबलेली शे-दीडशे डोकी एकदम पुढे रेटली गेली. दारातून एक बाई बाहेर आली. दोन्ही हात उंच करून तिने एक ओलं पांढरं फडकं धरलं होतं आणि त्या फडक्याच्या मधोमध तळहाताएवढा लालभडक डाग होता. बाई रडत होती, हसत होती, दोन्ही एकाच वेळी.

"माझ्या नवऱ्याचं यकृत! सगळं दुखणं उतरलं यात! बघा, बघून घ्या!"

लोकांनी फडक्याला हात लावून ते हात आपल्या कपाळाला लावले. कोणी फोटो काढले. एका म्हाताऱ्याने वास घेऊन पाहिला आणि मोठ्या जाणकारीने मान हलवली. "जुनं रक्त आहे. सडकं. म्हणून असा वास."

तामान सारी या सुलतानाच्या जुन्या राजबागेचे हौद इथून हाकेच्या अंतरावर. तिकडे लोक तिकीट काढून आत जात, सुलतानाच्या राण्या जिथे नहात त्या निळ्या पाण्यापुढे उभे राहत आणि बुरुजाच्या ज्या खिडकीतून सुलतान त्यांना न्याहाळत असे, तिच्याकडे बोट दाखवून हसत. पण या उन्हाळ्यात खरी गर्दी तिथून मागच्या वस्तीकडे वळली होती. सोलोहून, कुदुसहून बसगाड्या येत होत्या. राजाची बाग बघायला आलेली माणसं बाग बघायची विसरत आणि दर्सोनोच्या कोंबड्यांच्या वासात तासन्‌तास उभी राहत.

त्या गर्दीत कुस्वारिनी अडकली होती. हातात पिशवी, डोळ्यांत झोप नाही. मागेलांगच्या शाळेत ती रसायनशास्त्र शिकवायची, पण जन्म याच गल्लीतला. काल संध्याकाळी धाकट्या बहिणीचा, तिला म्बाक म्हणजे ताई म्हणणाऱ्या मुर्तिनीचा, फोन आला होता. "म्बाक, माझी लारस बरी झाली! आता सुई नाही, काही नाही. उद्या ये, सगळं सांगते." एवढं बोलून मुर्तिनीने फोन ठेवला आणि नंतर उचललाच नाही. पहाटेच्या पहिल्या बसने कुस्वारिनी निघाली ती थेट इथे. बहिणीच्या घराला कुलूप होतं.

"अगं कुस! आलीस होय!" गल्लीच्या तोंडाशी चहाचं दुकान टाकलेल्या गिनेमने हाक मारली. दुकान नवीनच दिसत होतं. "तुझ्या भाचीने तर गल्लीचं नाव काढलं! काल तिसऱ्यांदा फडकं बुडवलं आणि पांढरंच्या पांढरं निघालं. डागसुद्धा नाही. साखरेचा आजार, डॉक्टर म्हणत होते जन्मभर जायचा नाही, तो गेला!"

"सुई कधीपासून बंद केली?"

"आता ते मला काय ठाऊक? दर्सोनोकडे बसतात त्या एयांगनी सांगितल्याबरोबर केली असेल. ते म्हणतात, राणीच्या पाण्यावर विश्वास ठेवायचा तर अर्धा नाही ठेवायचा." गिनेम ग्लासात साखर ढवळत म्हणाली, "चहा घे ना. लांबून आलीस."

कुस्वारिनीने चहा घेतला नाही. लारस अकरा वर्षांची होती. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नव्हतं. बाहेरून दिलं नाही तर काय होतं, ते कुस्वारिनी मुर्तिनीला पन्नासदा समजावून चुकली होती. ती गर्दीत घुसली. कोपराने, खांद्याने, पिशवी पुढे धरून. "रांगेत या बाई!" "आम्ही पहाटेपासून उभे आहोत!" असे आवाज मागून येत राहिले.

दर्सोनोच्या परसात राजबागेच्या जुन्या बांधकामाचा एक तुकडा होता. अर्धा जमिनीत गाडलेला, विटांच्या कमानीचा, गार आणि अंधारा. कमानीतून एक भुयार निघत होतं. ते थेट दक्षिण समुद्राच्या राणीच्या महालात जातं, असं आता लाउडस्पीकरवरून सांगितलं जात होतं. लहानपणी दोघी बहिणी त्या भुयारात लपाछपी खेळल्या होत्या. भुयार जात होतं शेजाऱ्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत.

कमानीत दगडी डोणीपुढे मांडी घालून तो बसला होता. एयांग तीर्ता. एयांग म्हणजे आजोबा, पण वय असेल पन्नाशीचं. डोक्याला बातिकचा रुमाल, गळ्यात शिंपल्यांची माळ, समोर धूप, बाजूला झाकणाची वेताची टोपली. मायक्रोफोन तोंडाला असा चिकटवलेला की श्वासही गल्लीभर ऐकू यावा.

"राणीसाहेब आज प्रसन्न आहेत! लाटांवरून निघाल्या आहेत, पारांगत्रितिसच्या वाळूवर त्यांच्या रथाची चाकं वाजताहेत! मोबाइल बंद करा, लहरींना अडथळा होतो. हिरवे कपडे घालून कोणी आलं असेल तर मागे व्हा, राणीसाहेबांचा रंग आहे तो. आणि मंडळी, घाई करा. ऊन चढलं की राणीसाहेब विश्रांती घेतात, मग पाणी नुसतं पाणी होतं!"

वादळं उठवणारी, गलबतं गिळणारी दक्षिण समुद्राची राणी, आणि ऊन चढलं की हिला डुलकी! कुस्वारिनीच्या मनात हे येऊन गेलं, पण हसू आलं नाही. तिची नजर लारसला शोधत होती.

रांगेतला माणूस पुढे झाला की एयांग आपल्या मागच्या झाकलेल्या पिंपातून एक ओलसर पांढरं फडकं काढायचा, रोग्याच्या दुखऱ्या जागेवर गुंडाळायचा, डोळे मिटून पुटपुटायचा. मग फडकं सोडवून डोणीतल्या पाण्यात बुडवायचा. वर काढलं की कापडावर लाल उमलत जायचं, जास्वंदीसारखं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मग तोच गलका. आणि टोपलीचं झाकण उघडायचं. त्यात पाकिटं पडत, कानातली पडत, एकदा तर कोणाची लग्नाची अंगठी पडली.

"आता ऐका एका आईचं!" एयांगने मायक्रोफोन पुढे केला. "बोल, मुली. घाबरू नकोस."

मायक्रोफोन धरून उभी राहिली ती मुर्तिनी. नवा पोशाख, चेहऱ्यावर असा उजेड जो कुस्वारिनीने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. "माझी मुलगी... पाच वर्षं रोज सुया. शाळेत पोरं चिडवायची. सासू म्हणायची, असल्या पोरीला कोण करून घेणार. नवरा लांब बाताममध्ये कामाला, मी एकटी. मी रोज तिला टोचायची आणि ती माझ्याकडे बघायची नाही." तिचा आवाज फुटला. "आता नाही टोचणार. राणीसाहेबांनी ओढून घेतला तिचा आजार. माझी लारस बरी झाली!"

लोक रडले. कुस्वारिनीला मात्र लारस दिसली होती. ती भिंतीला टेकून खाली बसली होती. मांडीवर पाण्याची रिकामी बाटली, शेजारी आणखी दोन. गाल आत गेलेले. पोरगी कुठून धावत आली नव्हती, तरी छाती भात्यासारखी खालीवर होत होती.

"लारस! न्दुक, बाळा! मी आलेय, बघ इकडे."

"मोठीआई," लारस म्हणाली, डोळे नीट न उघडता. "तहान लागलीय गं. खूप तहान."

तिच्या तोंडाला वास येत होता, पिकून सडलेल्या फळाचा. कुस्वारिनीने पोरीला उचललं.

"म्बाक? तू कधी आलीस?" मुर्तिनी मायक्रोफोन सोडून धावत आली. "कुठे नेतेस तिला?"

"दवाखान्यात. ती मरायला टेकलीय मुर्ती, तुला दिसत नाही?"

"काहीतरी अभद्र बोलू नकोस! एयांग म्हणाले, दोन-तीन दिवस अशक्तपणा येतो. आजार गेला की जागा रिकामी होते ना, म्हणून."

"आजार गेला की जागा रिकामी होते! हे तुला पटलं? तुला?"

एयांग उठला नाही. त्याने फक्त आवाज खर्जात नेला. "या बाईंच्या भोवती मला काळी सावली दिसतेय. शिकलेल्या आहेत, असं दिसतं. फार शिकलं की डोळ्यांवर पडदा येतो, मंडळी. या आईची परीक्षा बघायला राणीसाहेबांनीच यांना धाडलंय. बोल मुली, तुझा विश्वास कोणावर?"

सगळी गर्दी मुर्तिनीकडे बघू लागली. मुर्तिनीने लारसचा दंड पकडला. "म्बाक, पाया पडते. सुई दिलीस तर सगळं उलटेल. त्यांनी सांगितलंय, पुन्हा सुई लागली तर आजार दुपटीने येईल आणि मग राणीसाहेबही काही करू शकणार नाहीत."

कुस्वारिनीने पहिल्यांदा त्या माणसाकडे नीट पाहिलं. हे त्याने सांगितलं होतं. फडक्यांचा खेळ एक वेळ खेळ म्हणून सोडला असता. पण पोरगी वाचायची वाटच त्याने आधीपासून बंद करून ठेवली होती. वाचली तर त्याची कृपा, मेली तर आईचा अविश्वास.

"सोड हात," ती बहिणीला म्हणाली. "उलटायचं ते उलटू दे. आधी जगू दे तिला."

कोणीतरी तिची पिशवी ओढली. कोणी "राणीचा कोप होईल!" असं ओरडलं. दर्सोनो, घराचा मालक, दाराशी उभा होता. म्हातारा, वाकलेला. कुस्वारिनीच्या वडिलांच्या बातिकच्या, कापड रंगवायच्या कारखान्यात त्याने उमेदीची सगळी वर्षं काढली होती. "पाक दर्सोनो, काका, वाट द्या!" ती ओरडली. त्याने वाट दिली, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

तामान सारीच्या दरवाजासमोर एका टॅक्सीतून पाहुणे उतरत होते. कुस्वारिनी पोरीला घेऊन त्या उघड्या दारातून आत घुसली. दार लागायच्या आत मुर्तिनीही शिरली. रडत, शिव्या देत, लारसचे पाय मांडीवर घेऊन.

दवाखान्यात लारसला थेट अतिदक्षता विभागात नेलं. डॉक्टर हाप्सारी तरुण होती, पण बोलण्यात भीडभाड नव्हती. तासाभराने ती बाहेर आली तेव्हा तिने मास्क असा ओढून काढला की त्याची दोरी तुटली.

"इन्सुलिन कोणी बंद केलं?"

मुर्तिनीने पर्स छातीशी घट्ट धरली.

"रक्तात आम्ल झालंय. दुपारपर्यंत आणलं नसतं तर मी तुमच्याशी वेगळं काहीतरी बोलत असते. अजून धोका टळलेला नाही. आणि हे पोटावर काय आहे तिच्या? कशाने भाजलं?"

"भाजलं?"

"पोटाभोवती पट्टाच्या पट्टा. कातडी सोलवटलीय. वाफेने भाजावं तसं नाही. काहीतरी दाहक लागलंय, कॉस्टिक सोड्यासारखं."

डॉक्टर आत गेली. दोघी बहिणी बाकावर बसल्या. मग मुर्तिनी हळूच म्हणाली, "पण लाल निघालं होतं, म्बाक. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पहिल्यांदा केवढं तरी, दुसऱ्यांदा थोडं, तिसऱ्यांदा काहीच नाही. डोळे खोटं बोलतात का?"

"फडकं आहे तुझ्याकडे?"

मुर्तिनीने पर्समधून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं पहिलं फडकं काढलं. देवघरात ठेवावं तसं घडी घालून ठेवलं होतं. कुस्वारिनीने ते उलगडलं. वाळून आठवडा झाला असेल, तरी रंग ताजाच्या ताजा. रक्त असतं तर कधीच तपकिरी पडून खडखडीत झालं असतं. तिने कोपऱ्यावरच्या नळाखाली फडकं धरलं, साबण लावला, चोळलं. रंग तसूभर हलला नाही. तिने वास घेतला.

आणि तिच्या नाकाने तिला चाळीस वर्षं मागे नेलं. वडिलांचा कारखाना. सिमेंटच्या दोन टाक्या, शेजारी शेजारी. पहिल्या टाकीत मेण लावलेलं कापड बुडवायचं, तेव्हा काहीच दिसायचं नाही, कापड पांढरं ते पांढरंच. मग ते दुसऱ्या टाकीत गेलं की फट्कन रंग उमटायचा. पोरं टाळ्या वाजवायची.

"मुर्ती, हा वास ओळख."

"सडक्या रक्ताचा, असं सगळे..."

"सगळे मरू देत. तू ओळख. बाबांच्या कारखान्यात आपण दोघी कुठे उभ्या राहायचो? बाबा ओरडायचे, पहिल्या टाकीला हात लावू नका, सोडा आहे, कातडी जाईल. आठवतं?"

मुर्तिनीने फडकं नाकाशी नेलं. मग खाली घेतलं. पुन्हा नेलं.

"नॅप्थॉल," ती म्हणाली. "पहिल्या टाकीतलं." कारखाना बंद पडल्यापासून हा शब्द तिने तोंडातून काढला नव्हता.

"आणि डोणीत दुसऱ्या टाकीतलं, रंग उमटवणारं रंगाचं मीठ. ते मीठ उन्हात, उकाड्यात टिकत नाही, काही तासांत पाणी निकामी होतं. म्हणून राणीसाहेबांना दुपारची डुलकी लागते. म्हणून गार अंधारी कमान. पहिल्यांदा नॅप्थॉल भरपूर लावलेलं फडकं, दुसऱ्यांदा थोडं लावलेलं, तिसऱ्यांदा कोरं. झाला रोगी बरा! आणि ते सोड्याचं फडकं त्याने तुझ्या पोरीच्या पोटाला बांधून ठेवलं, मंत्र संपेपर्यंत."

मुर्तिनी उठली आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात ओकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लारसने डोळे उघडून पाणी मागितलं. डॉक्टर हाप्सारी म्हणाली, "वाचली." तेव्हा मुर्तिनीने तोंड धुतलं, केस बांधले आणि ती म्हणाली, "म्बाक, चल. तो अजून तिथे असेल."

तो होताच. आदल्या दिवशीच्या प्रकाराने गर्दी उलट वाढली होती. मुर्तिनीला पाहून एयांगचा चेहरा उजळला. "आली! मंडळी, बघा, आई परत आली!"

"आले," मुर्तिनी म्हणाली. "माझ्या बहिणीचं डोकं दुखतंय. तिचा आजार काढा."

एयांग क्षणभर थबकला. पण शंभर माणसं बघत होती. त्याने पिंपातून फडकं काढलं. ते त्याने कुस्वारिनीच्या डोक्याला बांधायच्या आतच तिने हात पुढे करून त्याच्या बोटांतून ओढून घेतलं आणि तशीच वळून, कोणालाही न लावता, ते डोणीत बुडवलं.

फडकं वर आलं ते लालभडक.

रांगेतली माणसं पुढे वाकली.

"हे कोणाला लावलं होतं?" कुस्वारिनीने विचारलं. शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचणारा तिचा आवाज. तिला मायक्रोफोन लागत नव्हता. "कोणालाच नाही. मग हा कोणाचा आजार? पिंपाचा?"

"राणीसाहेबांचा अपमान..." एयांगने सुरुवात केली.

"थांबा, अजून संपलं नाही." तिने आपल्या पिशवीतून साधा धुतलेला रुमाल काढला आणि रांगेत पहिल्याच जागी खोकत बसलेल्या म्हाताऱ्याला म्हणाली, "काका, छातीला धरा. घट्ट धरा, हवं तेवढा वेळ." म्हाताऱ्याने धरला. त्याने पुढच्या खोकल्याबरोबर स्वतःच उठून तो डोणीत बुडवला. रुमाल पांढराच राहिला. "बघा, काका ठणठणीत! मंत्र नाही, टोपली नाही, एका रुमालात बरे झाले. काका, खोकला गेला का?"

म्हातारा खोकला. कोणीतरी हसलं.

"हिला भूतबाधा आहे! हिला बाहेर काढा!" एयांग आता उभा राहिला होता. माळ तिरकी झाली होती. "दर्सोनो! काढ हिला!"

दर्सोनो जागचा हलला नाही. कुस्वारिनी त्याच्याकडे वळली, आणि आता तिचा आवाज खाली आला. तो वर होता तेव्हापेक्षाही भयंकर वाटला.

"पाक दर्सोनो, माझ्या वडिलांनी तुम्हाला रंग कालवायला शिकवलं. या गल्लीत अर्ध्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या हीच दोन पाणी कालवलीत. पहिल्या टाकीत पांढरं, दुसऱ्या टाकीत लाल. इथली शेंबडी पोरंही हे ओळखत होती. तुम्ही ओळखलं नाहीत?"

"मला वाटलं... कोणाचं काय वाईट होतंय? पाणी तर पाणी. बसगाड्या येतात. गिनेमचा चहा खपतो. पोरं पार्किंग सांभाळतात. गल्लीला जरा बरे दिवस..."

"तुम्ही ओळखलं होतंत."

"पहिल्याच दिवशी," दर्सोनो म्हणाला. "पिंप मीच कालवतो."

"आणि लारसच्या पोटाला ते लागलं तेव्हा?"

"मी त्याला म्हटलं होतं, सोडा कमी घाल. पोर लहान आहे." तो रडायला लागला. "म्हटलं होतं मी."

सोडा कमी घाल! कुस्वारिनीला वाटलं, त्याला धरून गदागदा हलवावं. भामट्यावर तिचा राग होता तो सरळ होता, चोर चोरी करतो. पण हा माणूस लारसच्या बारशाला जेवला होता. आणि तो एकटा नव्हता. तिने मान वळवली तेव्हा गिनेमने चहाचं भांडं उगाच पुसायला घेतलं. दोन-चार जुने रंगारी भिंतीकडे बघत होते. सगळ्यांना माहीत होतं. ज्यांना माहीत नव्हतं ते बसने आलेले, आणि जिने माहीत असून स्वतःलाच विसरायला लावलं ती मुर्तिनी.

मुर्तिनी पुढे झाली. तिने पिंपाचं झाकण काढलं आणि ते आडवं केलं. फडकी आणि पिवळसर पाणी एयांगच्या पायांवरून डोणीपर्यंत वाहत गेलं, आणि डोणीच्या सांडलेल्या पाण्याला जिथे भेटलं तिथे जमीन लाल झाली. एयांग पाय झटकत किंचाळला. "पाणी! पाणी आणा! आग होतेय!"

"राणीसाहेबांना सांगा," मुर्तिनी म्हणाली. "त्या घालतील फुंकर."

पोलीस आले तेव्हा तो खुराड्याच्या बाजूने भुयारातून निसटायच्या बेतात होता. पिसांनी भरलेला सापडला. नाव निघालं मुगियोनो. पेकालोंगानला एका रंगाच्या कारखान्यात मुकादम होता, तो बंद पडल्यावर हा धंदा. याआधी आणखी दोन गावांत दोन वेगवेगळ्या राण्या त्याला प्रसन्न झाल्या होत्या. मुर्तिनीने फिर्याद दिली. दर्सोनोलाही चौकशीला नेलं.

एवढ्यावर हे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण पुढच्या शुक्रवारी सकाळी कुस्वारिनी बहिणीच्या घरून दवाखान्यात डबा घेऊन निघाली, तर दर्सोनोच्या बंद दारासमोर पुन्हा रांग. दाराला कुलूप, कुलपावर पोलिसांची पट्टी, तरी रांग. सोलोची बस उभी. कोणाच्या हातात क्ष-किरणाची पिशवी, कोणाच्या कडेवर मूल.

"तो पकडला गेला, माहीत नाही तुम्हाला?" ती ओरडली.

"माहीत आहे," पुढचा माणूस म्हणाला. त्याने बायकोला धरून उभं केलं होतं. बाई इतकी रोड होती की उभ्याउभ्या हलत होती. "टीव्हीवर पाहिलं. पण जागा तर तीच ना? माणूस खोटा असेल. पाणी खरं असेल. नुसतं एकदा फडकं बुडवू द्या."

"हिच्या गोळ्या चालू आहेत?"

माणसाने बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "महिन्यापूर्वी सोडल्या. त्यांनीच सांगितलं होतं."

कुस्वारिनीच्या तोंडात जे शब्द आले होते ते तिने गिळले. या माणसावर ओरडून काय होणार? त्याच्या बायकोचे दिवस आधीच कोणीतरी पळवले होते. ती दर्सोनोच्या पायरीवर चढली.

"ऐका. बुद्धी गहाण ठेवायला सांगतो तो तुमचा आजार नाही, तुम्हालाच लुबाडत असतो. कोणीही औषध दिलं, पाणी दिलं, फडकं दिलं, तर विचारा, यात काय आहे? हे कसं काम करतं? आणखी कोणाला बरं वाटलं, आणि जे बरे झाले नाहीत ते कुठे आहेत? खरा डॉक्टर उत्तर देईल. त्याला माहीत नसेल तर माहीत नाही म्हणेल. जो रागावेल, जो म्हणेल विश्वास कमी पडला, जो आधीचं औषध बंद करायला लावेल, त्याच्यापासून आपलं माणूस उचलून पळा. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. दोन बादल्या आणून दाखवते, स्वतः बुडवून बघा."

तिने खरोखरच दाखवलं. गिनेमने दोन बादल्या आणून दिल्या. एका जुन्या रंगाऱ्याने घरातून नॅप्थॉल आणलं, दुसऱ्याने रंगाचं मीठ. लोकांनी एका काठीचा आजार काढला, एका विटेचा काढला, बसच्या चाकाचा काढला. विटेचं फडकं सगळ्यांत लाल निघालं. काही जण चिडले, काही बसमध्ये जाऊन बसले. दोघीतिघी तशाच कुलूपबंद दाराला हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांना कुठलीही बादली दिसत नव्हती.

तो माणूस मात्र विटेच्या लाल फडक्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने बायकोच्या खांद्यावरची चादर नीट केली.

"इथून दवाखाना कुठल्या बाजूला?" त्याने विचारलं.

मुर्तिनी आपल्या घराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात लारसच्या इन्सुलिनची थंड पिशवी होती.

"चला," ती म्हणाली आणि त्या बाईचा दुसरा हात आपल्या हातात घेतला. "मीही तिकडेच निघालेय."